तृतीयपंथ : देवतोपासनेतील एका नामाचा भाषिक विचार

१

गोदावरीच्या डाव्या तीरावरील पंचवटीचे माहात्म्य रामकथेवर अधिष्ठित आहे. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम मंदिर, तपोवन ही येथील बहुतेक सारी स्थाने वनवासाच्या प्रसंगांशी जोडली गेली आहेत. या वनवासाच्या आरंभाविषयी हिजडा समाजात एक कथा परंपरेने सांगितली जाते. रामाला निरोप देण्यासाठी अयोध्येचे लोक नगराबाहेर आले. नदीकाठी थांबून रामाने आज्ञा केली की, सर्व नर-नारींनी आता परत फिरावे. नर परतले, नारी परतल्या. जे नर नव्हते आणि नारीही नव्हते, त्यांना आज्ञा झालीच नव्हती. म्हणून ते तेथेच थांबले. चौदा वर्षांनी राम परत आला तेव्हा ते त्याच जागी बसलेले होते. त्यांची निष्ठा पाहून रामाने त्यांना मंगलप्रसंगी आशीर्वाद देण्याचे सामर्थ्य दिले.

वाल्मीकींच्या अयोध्याकांडात ही कथा नाही. तेथे पौरजन रामामागे तमसेच्या तीरापर्यंत येतात आणि राम त्यांना निद्रिस्त सोडून पुढे निघून जातो. तुलसीदासांनी ‘रामचरितमानसा’च्या उत्तरकांडात रामाला प्रिय असणाऱ्या जीवांचा निर्देश करताना पुरुष, नपुंसक व नारी अशी तिन्ही नावे घेतली आहेत, परंतु ही कथा तेथेही नाही. ती मौखिक परंपरेची आहे. तेवढ्याने तिचे मोल उणे होत नाही. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तर ती विशेष विचारणीय आहे, कारण तिचा सारा उलगडा एका समासावर अवलंबून आहे. ‘नर-नारी’ हा इतरेतर द्वंद्व होय. बोलणारा त्याचा उपयोग ‘सर्व माणसे’ या अर्थाने करतो. ऐकणारा तो पदशः घेतो, आणि आपण त्यात नाही हे त्याच्या ध्यानात येते. समासाने ज्यांना वगळले, त्यांचा त्या वगळण्यावरील दावा म्हणजे ही कथा होय.

प्रस्तुत लेखाचा विषय याच दाव्याशी निगडित आहे. ज्या व्यक्तींचे लिंगभान जन्मतः नोंदलेल्या लिंगाशी जुळत नाही, किंवा ज्यांना स्त्री-पुरुष या विभागणीत स्वतःची जागा सापडत नाही, त्यांना महाराष्ट्रातील देवतोपासनेने कोणती नावे दिली, त्या नावांबरोबर कोणती जागा दिली, आणि आज त्या नावांत कोणता पालट होत आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्याकडील जुनी नामे प्राधान्याने भूमिकेची, म्हणजे देवतेशी असलेल्या कार्यसंबंधाची नामे आहेत, आजची नामे अस्मितेची, म्हणजे व्यक्तीच्या स्वतःविषयीच्या जाणिवेची नामे आहेत. या दोहोंतील अंतर नीट ओळखले नाही, तर परंपरेचे गुणगान करणारे आणि तिच्यावर टीका करणारे असे दोन्ही पक्ष चुकतात.

२

प्रथम व्याकरणाची बाजू पाहणे इष्ट होईल. मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. ‘नपुंसक’ या संज्ञेचा अवयवार्थ ‘जो पुरुष नव्हे तो’ असा असल्यामुळे व्याकरणातील तिसरे लिंग आणि माणसांतील तिसरा वर्ग ही एकच होत, असा समज सहज होतो. हा समज प्राचीन वैयाकरणांनाही परिचित होता. पतंजलींनी ‘महाभाष्या’त शारीरिक चिन्हांवरून लिंग ठरविण्याचा पक्ष मांडून तो अपुरा ठरविला आहे. ‘खट्वा’ स्त्रीलिंगी आणि ‘वृक्ष’ पुल्लिंगी का, हे शरीरचिन्हांनी सांगता येत नाही. पत्नीवाचक ‘दार’ शब्द संस्कृतात पुल्लिंगी आणि ‘कलत्र’ शब्द नपुंसकलिंगी आहे, हे तर प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. शब्दाचे लिंग आणि देहाचे लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा निर्णय या शास्त्रात दोन हजार वर्षांपूर्वीच झालेला आहे.

मराठीतील नपुंसकलिंगाचे कार्य पाहिले तर त्याचे नाव किती फसवे आहे हे दिसून येते. ‘मुले आली’, ‘माणसे जमली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या समूहात मुलगे व मुली, पुरुष व स्त्रिया सारेच असतात, आणि रूप मात्र नपुंसकलिंगी अनेकवचनाचे असते. येथे नपुंसकलिंग अभाव दाखवीत नाही; भेद करण्यापूर्वीची समग्रता दाखविते. कथेतील आज्ञा ‘माणसांनो, परत फिरा’ अशी झाली असती, तर नदीकाठी कोणीच मागे राहिले नसते.

एकवचनात मात्र ही सोय नाही. ‘मी आलो’ व ‘मी आले’, ‘मी जातो’ व ‘मी जाते’ यांपैकी एक रूप निवडल्यावाचून मराठी माणसास स्वतःविषयी साधे वाक्यही बोलता येत नाही. प्रत्येक वाक्यात वक्त्याला आपल्या लिंगाची ग्वाही द्यावी लागते. यातून सुटण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. ‘मी जाईन’ हे भविष्यकाळाचे रूप लिंगनिरपेक्ष आहे. ‘मी भाकरी खाल्ली’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या अधीन असल्यामुळे कर्त्याचे लिंग उघड होत नाही. ‘आम्ही आलो’ आणि ‘तुम्ही आलात’ या रूपांतही ते प्रकट होत नाही. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ साली ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ या नावाने मराठीत प्रसिद्ध झाले. त्या नावात क्रियापद नाही, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. दोन नामे सर्वनामाशेजारी ठेवली आहेत. ‘आलो’ की ‘आले’ हा प्रश्न उद्भवतच नाही.

तृतीय पुरुषाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. ‘तो’ किंवा ‘ती’ न म्हणता ‘ते’ म्हणावे, असे अनेकांस वाटते. परंतु ‘ते’ दोन आहेत. एक नपुंसकलिंगी एकवचन, जे वस्तूला, पशूला वा लेकराला लावतात. दुसरे पुल्लिंगी आदरार्थी अनेकवचन. जुन्या लेखनपद्धतीत ‘तें आलें’ आणि ‘ते आले’ असा भेद अनुस्वाराने स्पष्ट होत असे. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला आणि छापील मजकुरात ही दोन्ही रूपे एकसारखी झाली. बोलण्यात ‘ते आलं’ आणि ‘ते आले’ हा भेद कायम आहे, आणि एखाद्या तृतीयपंथीय व्यक्तीविषयी बोलताना यांपैकी कोणते रूप वापरले जाते, यावरून वक्ता तिला आदरणीय मानतो की वस्तुवत् मानतो हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. लेखनाने लपविलेला हा भेद जिभेवर उघडा पडतो.

बनारसच्या हिंदीभाषक हिजड्यांच्या बोलीचा अभ्यास कीरा हॉल व व्हेरॉनिका ओ’डोनोव्हन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. एकच व्यक्ती प्रसंगपरत्वे स्त्रीलिंगी व पुल्लिंगी रूपे वापरते, आणि या फिरण्यामागे जवळीक, अधिकार, दुरावा, जोर असे सामाजिक हेतू असतात, असे त्यांनी दाखविले. हे भाषेचे अज्ञान किंवा अनवधान नव्हे. व्याकरणाने लादलेल्या सक्तीचा तो विचारपूर्वक केलेला उपयोग होय.

३

आता नामांकडे वळू. ‘हिजडा’ हा शब्द मराठीत हिंदुस्तानीतून आला. त्याच्या मूळ व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत एकमत नाही. व्यवहारात तो निंदावाचक झाला असला, तरी समाजांतर्गत तो कुळाचे, गुरुपरंपरेचे व आशीर्वादाच्या अधिकाराचे नाव आहे. संस्कृत परंपरेत ‘तृतीया प्रकृती’ ही संज्ञा आढळते. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त तिचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन भेद सांगितले आहेत. ‘प्रकृती’ म्हणजे स्वभाव. हे नाव व्यक्तीच्या जडणघडणीकडे निर्देश करते.

अर्वाचीन मराठीने मात्र ‘तृतीयपंथी’ हा शब्द स्वीकारला. मराठीत ‘पंथ’ हा शब्द नाथपंथ, महानुभाव पंथ, वारकरी पंथ अशा उपासनामार्गांसाठी रूढ आहे. पंथाला गुरू असतो, दीक्षा असते, आचार असतो, आणि त्यात प्रवेश करावा लागतो. लिंगभेदाचा वाचक म्हणून ‘पंथ’ शब्द योजताना मराठी भाषेने नकळत एक मत व्यक्त केले आहे : ही माणसे म्हणजे निराळी देहावस्था नसून निराळा मार्ग होय. या शब्दात प्रतिष्ठा आहे, कारण पंथ ही आपल्याकडे आदराची गोष्ट आहे. परंतु एक अपुरेपणही आहे. पंथ स्वीकारता येतो तसा सोडताही येतो, असे ऐकणाऱ्यास वाटते. आणि ज्या व्यक्तीला कोणताच गुरू नाही, कोणतेही घराणे नाही, तिला या शब्दात आधार मिळत नाही.

पंथाची ही कल्पना निराधार नाही. दक्षिण महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात सौंदत्तीच्या यल्लम्मा-रेणुकेच्या उपासनेत ‘जोगता’ व ‘जोगतीण’ ही पदे आहेत. कन्नडात ‘जोगप्पा’ हे नाव प्रचलित आहे. ‘जोगता’, ‘जोगतीण’ व ‘जोगवा’ या तिन्ही शब्दांच्या मुळाशी ‘योग’ आहे. देवीला वाहिलेल्या जोगत्यांपैकी अनेकजण लुगडे नेसतात, कुंकू लावतात, देवीचा जग डोक्यावर घेऊन परडी व भंडारा घेऊन फिरतात, चौंडक्याच्या साथीने गातात आणि जोगवा मागतात. मार्गशीर्षातील पौर्णिमेस, म्हणजे ‘रांडाव पुनवेस’, जमदग्नीच्या मृत्यूमुळे देवीला आलेले वैधव्य पाळले जाते. माघातील ‘अहेव पुनवेस’ पुन्हा चुडा भरला जातो. देवीच्या जीवनातील सौभाग्य व वैधव्य भक्ताच्या देहावर उमटते, असा या आचाराचा अर्थ आहे. तरीही नाम पाहावे तर ‘जोगता’ पुल्लिंगी आहे, ‘जोगप्पा’तील ‘अप्पा’ पितृवाचक आहे. वेश स्त्रीचा आणि नाम पुरुषाचे, ही विसंगती परंपरेने कधी दूर केली नाही. तिला ती विसंगती वाटलीही नसावी.

या संदर्भातील वाक्यरचना अधिक बोलकी आहे. ‘त्याला देवाला सोडले’, ‘देवीने धरले’, ‘जट आली’ असे शब्दप्रयोग या भागात होतात. या वाक्यांत ती व्यक्ती कर्ता नसते. कर्ता देवी असते, घरची माणसे असतात, किंवा जट असते. म्हणजे जोगता होणे ही निवड नव्हे आणि कबुलीही नव्हे. ती व्यक्तीवर घडणारी घटना आहे. घरात, गावात जी वागणूक एरवी खपली नसती, ती देवीच्या कर्तृत्वाखाली आली म्हणजे खपते. भाषेच्या या आडोशाने कित्येकांचे जगणे शक्य केले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु याच आडोशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी आणि त्यांच्या आधारे निघालेल्या राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाने ती बाजू मराठी वाचक-प्रेक्षकांसमोर ठेवली. चित्रपटातील तायाप्पा स्वतःला पुरुष समजतो. देवीला वाहिल्यामुळे त्याला लुगडे नेसावे लागते. म्हणजे भूमिका आणि अस्मिता यांचा संबंध दोन्ही दिशांनी तुटू शकतो. ज्याची अस्मिता तशी नाही त्यालाही भूमिका पकडून ठेवते, आणि ज्याची अस्मिता तशी आहे त्याला देवीचे बोलावणे आले नाही तर भूमिका मिळत नाही. शिवाय ही भूमिका पुरुष म्हणून जन्मलेल्यांसाठीच आहे. स्त्री म्हणून जन्मून स्वतःला पुरुष समजणाऱ्या व्यक्तीला, स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला, किंवा पुरुषवेशातच राहून पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला या व्यवस्थेत नाव नाही. ‘समलिंगी’ हा शब्द अर्वाचीन आहे. देवतेच्या सेवेतील कोणतेही पद त्याच्याशी समानार्थक नाही.

नाशिक जिल्ह्यातच वणीजवळील सप्तशृंगगडावर कोजागिरी पौर्णिमेस महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून तृतीयपंथीय जमतात व देवीचा छबिना काढतात. त्याच सुमारास गोदावरीचे व अन्य नद्यांचे जल घेऊन कावडधारीही गडावर येत असतात. गोदावरीच्या खोऱ्यातच, नेवासे येथे, विष्णूच्या मोहिनीरूपाचे मंदिर आहे. तेथील देवतेचे नाव ‘मोहिनीराज’ : पूर्वपद स्त्रीवाचक, उत्तरपद पुरुषवाचक, आणि संपूर्ण नाम पुल्लिंगी. ज्या अमृतमंथनाच्या कथेशी नाशिकच्या सिंहस्थाचा संबंध जोडला जातो, त्याच कथेत अमृताची वाटणी पुरुष देवतेने धारण केलेल्या या स्त्रीरूपाकडून होते. परंपरेला रूपांतर अपरिचित नाही. प्रश्न एवढाच की, देवतेला जे रूपांतर सहज मान्य होते ते माणसाला कोणत्या अटीवर मान्य होते.

४

ही अट केवळ धार्मिक नव्हती. तिला राज्यव्यवस्थेचाही आधार होता. मराठी राज्यात हिजड्यांना इनाम जमिनी, रोख नेमणुका व ठरावीक मुलखात घरोघर अल्प दान मागण्याचे वंशपरंपरागत, म्हणजे गुरूकडून शिष्याकडे जाणारे, हक्क मान्य होते. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या हक्कांचा व त्यांच्या लोपाचा इतिहास दिला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने दान मागण्याच्या हक्कास सरकारी पाठबळ देण्याचे नाकारले आणि इनामांच्या उत्तराधिकारावर निर्बंध आणले. वतनाच्या भाषेत जी भूमिका होती, ती इंग्रजी अंमलात अनीतीची बाब ठरली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात एक संपूर्ण भाग अशा व्यक्तींच्या नोंदणीसाठी होता. त्याचा प्रथम अंमल उत्तरेकडील प्रांतांत झाला. नोंदवही तीच राहिली, परंतु हक्काच्या नोंदीची जागा संशयाच्या नोंदीने घेतली.

५

याच प्रश्नाचा उलटा प्रवास पाश्चात्त्य जगात झालेला दिसतो, आणि तुलनेसाठी तो उपयुक्त आहे. यूरोप व अमेरिकेत विसाव्या शतकात ख्रिस्तपूर्व देवतांच्या उपासनेचे पुनरुज्जीवन करणारे संप्रदाय निर्माण झाले. ‘पेगन’ हे नाव ते अभिमानाने धारण करतात. मूळ लॅटिन ‘पागानुस’ शब्दाचा अर्थ खेडवळ, ग्रामवासी असा होता. ख्रिस्ती लेखकांनी तो धर्मबाह्यांसाठी निंदेने वापरला, आणि आज निंदेचेच नाव अस्मितेचे झाले आहे. १९५१ साली ब्रिटनमधील चेटूकविषयक जुना कायदा रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक निघाले. त्यांच्यापासून प्रसृत झालेल्या ‘विक्का’ या उपासनेत देव व देवी, पुरुष व स्त्री यांच्या युग्माला मध्यवर्ती स्थान होते. म्हणजे येथेही ‘नर-नारी’ हाच समास विधीचा पाया होता, आणि येथेही काहींना आपण त्यात नाही असे जाणवले.

त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क येथे एडी बुचिन्स्की यांनी पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठी ‘मिनोअन ब्रदरहुड’ ही स्वतंत्र उपासनाशाखा काढली. केवळ स्त्रियांच्या म्हणून ज्या शाखा निघाल्या, त्यांत पुढे ‘स्त्री कोण’ हा प्रश्न उभा राहिला. २०११ साली कॅलिफोर्नियातील ‘पँथिआकॉन’ या पेगन संमेलनात एका स्त्रीविधीस आलेल्या पारलिंगी स्त्रियांना प्रवेश नाकारण्यात आला आणि त्यावरून त्या समाजात दीर्घ वाद झाला. वादाचा मुद्दा असा होता की, विधीचा अधिकार देहावरून ठरतो, की स्वतःविषयीच्या जाणिवेवरून. ज्यांना आधार हवा होता त्यांनी प्राचीन परंपरेत पूर्वज शोधले. रोममध्ये इ. स. पूर्व २०४ मध्ये आणलेल्या सिबेली देवीचे ‘गाल्ली’ नावाचे सेवक पुरुषत्वाचा त्याग करून स्त्रीवेश धारण करीत. कातुल्लुस या कवीने अशाच एका भक्तावर, आत्तिसवर, रचलेल्या काव्यात त्या त्यागानंतर नायकाची विशेषणे पुल्लिंगातून स्त्रीलिंगात जातात. लॅटिनच्या अभ्यासकांनी या व्याकरणिक पालटाची नेहमी दखल घेतली आहे.

तुलनेचा निष्कर्ष असा : पाश्चात्त्य पेगन समाजात अस्मिता आधी होती आणि तिच्यासाठी भूमिका नंतर शोधावी लागली. देवी, विधी, पूर्वज हे सारे पुन्हा रचावे लागले. महाराष्ट्रात भूमिका आधीपासून होती. देवी होती, विधी होता, नाव होते. अस्मितेची भाषा मात्र आज नव्याने शिकावी लागत आहे. अमेरिकेतील पारलिंगी भक्ताला जोगत्याचा हेवा वाटावा आणि जोगत्याला त्या भक्ताच्या ‘मी’चा हेवा वाटावा, अशी ही परस्परपूरक उणीव आहे. परंपरा असली म्हणजे स्वीकार असतोच, किंवा परंपरा नसली म्हणजे मुक्तता मिळतेच, ही दोन्ही विधाने या तुलनेपुढे टिकत नाहीत.

६

भारतातील अलीकडचा पालट दोन मार्गांनी झाला. पहिला मार्ग कायद्याचा. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रकरणात, स्वतःचे लिंग स्वतः सांगण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘त्याला सोडले’ या वाक्यातील कर्म येथे ‘मी आहे’ या वाक्यातील कर्ता झाले. २०१८ साली समलिंगी संबंधांवरील दंडविधानाचा निर्बंध दूर झाला. तथापि २०२३ साली समलिंगी विवाहास मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. २०१९ साली संसदेने संमत केलेल्या अधिनियमाच्या हिंदी शीर्षकात ‘उभयलिंगी व्यक्ति’ अशी संज्ञा योजिली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० साली स्थापन केलेल्या कल्याण मंडळाच्या नावात ‘तृतीयपंथीय’ हा शब्द आहे. एकाच व्यक्तीला एक भाषा दोन्ही लिंगे देते, दुसरी तिसरा पंथ देते. त्या अधिनियमाने केलेल्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी व जोगता ही चार नावे ‘सामाजिक-सांस्कृतिक अस्मिता’ म्हणून घातली गेली. यांपैकी ‘जोगता’ हे मूळ उपासनेतील पद होय, आणि ‘अरवाणी’ हे तमिळनाडूतील कूवागम येथे पूजिल्या जाणाऱ्या अरवान देवतेवरून आलेले नाव होय. सेवकाचे पद कायद्यात आले ते अस्मितेचे नाव होऊन. तमिळ समाजाने ‘अरवाणी’ मागे सारून ‘तिरुनंगै’, म्हणजे आदरणीय स्त्री, हा शब्द स्वीकारला; तेथे देवतेचे नाव गळाले आणि आदर शब्दातच घातला गेला.

दुसरा मार्ग धर्मसंस्थेचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये उज्जैन येथे किन्नर आखाड्याची स्थापना झाली. लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्याच्या प्रमुख झाल्या. २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात या आखाड्याने आपले स्वतंत्र अस्तित्व प्रकट केले. २०१९ च्या प्रयाग कुंभात त्याने जुना आखाड्याच्या सहयोगाने स्नान केले. परंपरेने आखाडे तेरा मानले जातात, आणि चौदावा म्हणून याला मान्यता देण्यास आखाडा परिषद राजी झालेली नव्हती. २०२५ च्या प्रयाग महाकुंभात या आखाड्यातील पदांवरून अंतर्गत वादही झाले. जेथे पद असते तेथे पदाचे वादही असतात. त्यावरून ही संस्था इतर आखाड्यांहून निराळी ठरत नाही.

‘किन्नर’ या नावाची निवड विचार करण्यासारखी आहे. संस्कृतात ‘किम्’ आणि ‘नर’ यांपासून झालेला हा शब्द ‘हा नर काय?’ अशी शंका आपल्या पोटात बाळगतो. अमरकोशात किन्नरांची गणना गंधर्व-यक्षांबरोबर देवयोनीत केली आहे. ‘नपुंसक’ शब्दात नकार आहे, ‘किन्नर’ शब्दात प्रश्न आहे. आणि प्रश्नार्थक नामाला स्वर्गात स्थान आहे. ज्यांना नकाराच्या नावाने ओळखले गेले त्यांनी प्रश्नाचे नाव घ्यावे, हे स्वाभाविक म्हटले पाहिजे. तथापि येथेही मान्यता भूमिकेच्याच मार्गाने मागितली आहे : आम्ही देवयोनी आहोत, म्हणून आम्हांस स्नानाचा अधिकार आहे. ज्याला देवयोनी व्हावयाचे नाही, केवळ माणूस म्हणून राहावयाचे आहे, त्याचा प्रश्न आखाड्याने सुटत नाही.

पंचवटीत हा प्रवेशाचा प्रश्न नवा नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह येथेच सुरू झाला. मंदिर सर्वांचे आहे म्हणणाऱ्यांच्या ‘सर्व’ या शब्दात कोण येतात, हेच त्या सत्याग्रहाने विचारले होते. २०१५ च्या नाशिक सिंहस्थात स्त्रियांच्या स्वतंत्र आखाड्याची मागणी पुढे आली होती. तिला मान्यता मिळाली नाही. किन्नर आखाड्याच्या स्थापनेनंतरचा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा पहिला सिंहस्थ २०२६-२७ चा होय. येथील व्यवस्थेनुसार वैष्णव आखाडे रामकुंडात व शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करतात. जुना आखाडा शैव आहे. त्याच्याशी जोडलेल्यांची वाट त्र्यंबकेश्वराकडे जाते, आणि रामाच्या वराची त्यांची कथा मात्र पंचवटीकडे येते.

७

या विवेचनातून अभ्यासकांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ व महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. ‘इतर’ हे नाव नव्हे. द्वंद्व समासातून जे उरले त्याची ती बेरीज आहे. बोलींचे किंवा लोकाचाराचे सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीत असाच रकाना असेल, तर तीच चूक पुन्हा होईल. माहिती देणाऱ्या व्यक्तीने स्वतःसाठी जे नाव वापरले तेच लिहावे. ‘जोगता’ म्हणणाऱ्यास ‘तृतीयपंथी’ किंवा ‘पारलिंगी’ म्हणणारीस ‘किन्नर’ असे बदलू नये, कारण ही नामे समानार्थी नाहीत. प्रत्येक नाम निराळा गुरू, निराळी देवता किंवा निराळा अधिकार सांगते.

दुसरी गोष्ट लिप्यंतराची. ध्वनिमुद्रित संभाषणात एखादी व्यक्ती एका वाक्यात ‘आलो’ आणि पुढच्या वाक्यात ‘आले’ म्हणत असेल, तर ते दुरुस्त करण्याचा मोह टाळला पाहिजे. लिंगसंगतीची ती चूक समजून संपादक जेव्हा एकच रूप सर्वत्र घालतो, तेव्हा तो नेमका पुरावाच नष्ट करतो. कोणासमोर, कोणत्या विषयावर, कोणत्या भावनेने रूप बदलले याची टीप द्यावी. तसेच तृतीय पुरुषी ‘ते’ आढळल्यास क्रियापदाचा उच्चार ‘आलं’ असा होता की ‘आले’ असा, हे नोंदविणे अगत्याचे आहे. छापील रूपात हा भेद नाहीसा झाला आहे, म्हणून तो टिपून ठेवण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

तिसरी गोष्ट निष्कर्षाच्या मर्यादेची. आपल्या परंपरेत तृतीयपंथीयांना स्थान होते, हे विधान खरे आहे. परंतु ते अपूर्ण आहे. स्थान होते ते आशीर्वाद देणाऱ्याला, जग वाहणाऱ्याला, वतनदाराला. ते स्थान नाकारून चालणार नाही, कारण कित्येकांचे आयुष्य त्याच्या आधारावर उभे आहे, आणि तो आधार काढून घेतल्यास त्यांना कायद्याची संज्ञा जेवू घालीत नाही. परंतु त्या स्थानाला संपूर्ण स्वीकार समजणेही चुकीचे ठरेल. देवीचे बोलावणे नसताना, गुरूचे घराणे नसताना, आशीर्वाद देण्याचे सामर्थ्य नसताना जी व्यक्ती केवळ ‘मी’ म्हणून उभी राहते, तिला कोणत्या शब्दाने हाक मारावयाची, याचे उत्तर मराठीने अद्याप पूर्णपणे दिलेले नाही. ‘माणसे’ हा शब्द मात्र तिच्यापाशी पूर्वीपासून आहे. त्याचे लिंग नपुंसक असून त्यात सर्वांचा समावेश होतो, ही गोष्ट व्याकरणाच्या वर्गात आपण प्रतिवर्षी शिकवीतच असतो.